अवर्षणप्रवण सुपा परिसरातील परसबाग : झाडांची निवड आणि पाण्याचा ताळेबंद

बीजशब्द : परसबाग, अवर्षणप्रवण क्षेत्र, शोभिवंत वनस्पती, मृग बहार, पाण्याचा ताळेबंद

प्रस्तावना

सुपा हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील गाव पुणे-नगर महामार्गावर वसलेले असून औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर असून टंचाईच्या वर्षी तालुक्यातील गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. अशा ठिकाणी घराभोवती झाडे वाढविणे ही केवळ हौस राहत नाही. तो कुटुंबाच्या पाण्याचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने शोभिवंत वनस्पती व फळझाडे यांच्या निवडीचे विवेचन केले आहे.

१. उष्णकटिबंधाची दोन रूपे

‘उष्णकटिबंधीय’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न हवामानांतील वनस्पती येतात. अँथुरियम व मॉन्स्टेरा या मध्य व दक्षिण अमेरिकेतील दमट अरण्यांच्या, तर अरेका पाम ही मादागास्करची वनस्पती होय. सुप्याच्या मार्च ते मे या काळातील कोरड्या वाऱ्यात त्यांच्या पानांचे शेंडे करपतात. हवेतील दमटपणाची ही उणीव मुळाशी अधिक पाणी घालून भरून निघत नाही; उलट कुंडीतील मुळे कुजतात. याउलट अडेनियम पूर्व आफ्रिका व अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशातून आले असून ते फुगीर खोडात पाणी साठविते. मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील चाफा कोरड्या ऋतूत पाने गाळतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली बोगनवेल पाण्याचा ताण बसल्यावर अधिक फुलते. या परिसराला दुसऱ्या गटातील झाडे मानवतात. पहिल्या गटातील एखाद-दुसरी कुंडी घराच्या सावलीच्या बाजूस ठेवणेच इष्ट.

२. माती आणि क्षार

दख्खनच्या पठारावर मुरमाड व चुनखडीयुक्त जमिनी अनेक ठिकाणी आढळतात. कूपनलिकेचे पाणीही पुष्कळदा जड असते. अशा विम्लधर्मी मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. परिणामी एक्झोरा, लिंबू व पेरू यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लक्षण पाण्याच्या कमतरतेचे समजून पाणी वाढविल्यास दोष बळावतो. कुजलेले शेणखत, साठविलेले पावसाचे पाणी व चिलेटेड लोहाचा वापर हा उपाय होय. डाळिंब, सीताफळ व बोर ही झाडे चुनखडी बऱ्याच अंशी सहन करतात.

३. फळझाडे आणि बहार

जिल्ह्यातीलच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेले डाळिंबाचा ‘भगवा’, सीताफळाचा ‘फुले पुरंदर’ व कागदी लिंबाचा ‘साई शरबती’ हे वाण, तसेच पुण्याच्या गणेशखिंड येथे निवडलेला पेरूचा ‘सरदार’ हा वाण परसबागेत लावता येतो.

घरगुती बागेत उन्हाळाभर रोज पाणी देण्याची प्रथा आहे. त्यामुळे पालवी फुटत राहते, फळे मात्र कमी लागतात. पेरूच्या वाढलेल्या झाडास एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडून ताण दिल्यास पावसाबरोबर मृग बहार धरता येतो. सीताफळाची कडक उन्हाळ्यातील फुले कोरड्या हवेत बहुधा गळतात. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाल्यावर फलधारणा होते. म्हणजे टंचाईच्या महिन्यांतच या झाडांना कमी पाणी लागते. कुंडीतील झाडे व कोवळी रोपे यांना मात्र असा ताण देऊ नये. डाळिंबाच्या मृग बहारावर तेल्या रोगाचा धोका असतो. कागदी लिंबास उन्हाळ्यातही पाणी लागते, म्हणून त्याचे एकच झाड पुरे.

४. पाण्याचा ताळेबंद

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली जातात. घरालाही ही पद्धत लागू पडते. १०० चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ५०,००० लिटर पाणी मिळते. २० टक्के घट धरली तरी ४०,००० लिटर उरते. प्रत्यक्षात मर्यादा साठवणुकीची असते. ५,००० लिटरची टाकी मार्चपासून १०० दिवस पुरवायची तर रोज ५० लिटरच वापरता येतात. किती झाडे लावावीत, हे या आकड्यावरून ठरवावे. पालापाचोळ्याचे आच्छादन व मुळाशी पुरलेले सच्छिद्र मडके यांमुळे बाष्पीभवन घटते. भाज्या धुतलेले पाणी झाडांना चालते. कपडे धुण्याच्या पाण्यातील सोडियममुळे मात्र माती बिघडते.

समारोप

सुप्यासारख्या ठिकाणी परसबागेचे यश पाणी वाढविण्यावर नव्हे, तर झाडाचा मूळ प्रदेश ओळखून केलेल्या निवडीवर अवलंबून असते. झाड लावण्यापूर्वी मे महिन्यात त्याला घालावयाचे पाणी कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर हाती असणे आवश्यक आहे. ते नसेल तर बाग जगते ती घरातील पिण्याच्या पाण्यावर.