ओमितेचे हातमोजे

शवपेटी खाली उतरते. पास्टर तीन मुठी वाळू टाकतात आणि मागे सरतात. मग मुलगा पुढे होतो, त्याच्यामागून दोन्ही लेकी, जावई, नातवंडं, पतवंडं. एकेक जण वाकतो, तीन मुठी वाळू घालतो. मुलाच्या हातात कापडाची एक पुरचुंडीही आहे. तिच्यात कुर्झेमेची, म्हणजे पश्चिम लात्व्हियाची, काळसर माती. सोव्हिएत राजवट गेल्यावर, 1992 साली, ओमिते पहिल्यांदा आपल्या शेतावर परत गेली होती. तिथून आणलेली ही चिमूटभर माती तिने कपाटात जपून ठेवली होती, आजच्या दिवसासाठी.

मिशिगनमधल्या कॅलमाझू शहराचं हे कबरस्तान. ऑक्टोबर चालू आहे, मेपल लालभडक झालेत. माझ्या हातात सहा पांढरी शेवंतीची फुलं आहेत. लात्व्हियन लोक आनंदाच्या प्रसंगी विषम संख्येत फुलं देतात आणि मयताला सम. हे मला शेजारच्या या आजीनेच सांगितलं होतं. नातवंडं तिला ‘ओमिते’ म्हणत, म्हणून आम्हीही ओमितेच म्हणत आलो.

कबर बुजवायचं यंत्र दूर उभं आहे, पण त्याला कुणी बोलावत नाही. चार फावडी आहेत. नातू, नातजावई, चर्चमधले म्हातारे आळीपाळीने माती लोटतात. कॉलेजात जाणारी नात उंच टाचांचे बूट काढून बाजूला ठेवते आणि फावडं मागून घेते. बाकीचे गात राहतात. एक गाणं संपतं न संपतं तोच मागून कुणीतरी दुसरं उचलतं. मातीचा उंचवटा नीट आकाराला येतो, त्यावर फरच्या हिरव्या फांद्या अंथरल्या जातात, फांद्यांवर फुलं.

आता थोरली लेक एक टोपली उघडते. आत हातमोज्यांचे सहा जोड आहेत, लोकरीचे, हाताने विणलेले. शवपेटीला खांदा देणाऱ्या सहा जणांना एकेक जोड. माझा नवरा त्या सहांतला एक. तो जोड हातात घेतो आणि त्याला पुढे काही बोलता येत नाही.

हे जोड ओमितेने स्वतः विणून ठेवले होते, स्वतःच्या अंत्यविधीसाठी. जुन्या लात्व्हियात मुलगी लहानपणापासून हातमोजे विणून पेटी भरत असे. लग्नात ते सासरच्या माणसांना वाटायचे, आणि घरात मृत्यू झाला की कबर खणणाऱ्यांना, पेटी वाहणाऱ्यांना द्यायचे. प्रत्येक भागाचे रंग वेगळे, नमुने वेगळे. 2006 साली रीगामध्ये नाटोची शिखर परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांना असे 4,500 जोड भेट दिले होते आणि ते देशभरच्या बायकांनी विणले होते. ती बातमी कितीतरी वर्षं ओमितेच्या फ्रिजवर चिकटवलेली होती. शेवटच्या हिवाळ्यात तिला टाके दिसत नव्हते. बोटांना नमुना पाठ होता, त्यावर ती विणत गेली. मी समोर बसून चहा प्यायले आहे तेव्हा. कुणासाठी विणतेस, असं विचारलं की म्हणायची, “चांगल्या माणसांसाठी.”

चर्चच्या सभागृहात जेवण मांडलं आहे. राय धान्याचा काळा पाव, हेरिंग मासा, उकडलेले करडे वाटाणे. आणि पीरागी, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस आणि कांदा भरून भाजलेले, करंजीच्या आकाराचे छोटे पाव. हे तीन नातवंडांनी मिळून रात्रभर केलेत. ओमितेची धाकटी लेक एक पाव मोडून बघते, सारण चाखते आणि मान हलवते. जमलंय.

भिंतीवर फोटो लावले आहेत. एकात दोन वेण्या घातलेली मुलगी गाईजवळ उभी आहे. 13-14 जून 1941 च्या रात्री सोव्हिएत सत्तेने लात्व्हियातून सुमारे 15,000 माणसं गुरांच्या डब्यांतून सैबेरियाकडे पाठवली. त्यांत ओमितेचा मामा, मामी आणि त्यांची दोन मुलं होती. त्यानंतर जर्मन आले, आणि 1944 मध्ये पुन्हा रशियन सैन्य येऊ लागलं. पंधरा वर्षांची ओमिते आईबरोबर लिएपाया बंदरातून जहाजात बसली. वडील मागे राहिले ते कायमचे. युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावण्या. तिची छावणी श्टुटगार्टजवळ एसलिंगेनला. तिथे लात्व्हियन लोकांनी आधी काय उभं केलं असेल, तर शाळा आणि गायकवृंद! अमेरिकेने 1948 मध्ये निर्वासितांसाठी कायदा केला आणि त्याखाली ती 1950 साली मिशिगनला पोचली.

पुढचा फोटो लग्नाचा. त्यापुढे मुलंच मुलं. नवरा कागदगिरणीत, ती रात्री इस्पितळाच्या धुलाईखात्यात. सकाळी घरी येऊन मुलांना शाळेत पाठवायचं आणि मगच झोपायचं. शनिवारी मात्र झोप नाही, कारण शनिवारी लात्व्हियन शाळा. 1965 साली थ्री रिव्हर्सजवळ तळ्याकाठी गारेझेर्स हे लात्व्हियन मुलांचं उन्हाळी शिबिर सुरू झालं. सुट्टीत ती तिथल्या स्वयंपाकघरात राबायची, म्हणजे मुलांना तिथे राहता येई. थोरली लेक सांगते, “आईने मला कधी म्हटलं नाही की तुला लात्व्हियन यायलाच हवं. ती फक्त लात्व्हियनमध्ये बोलायची आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायची.”

माझ्या बाळंतपणात माझ्या आईला वेळेवर व्हिसा मिळाला नाही. ओमिते पहिल्याच दिवशी रव्याची खीर घेऊन आली. नंतर रोज येत राहिली. बाळाला मांडीवर घेऊन जे गायची ते मला तेव्हा समजत नव्हतं. त्या चार ओळींच्या दैना, म्हणजे लात्व्हियन लोकगीतं, बहुतेक बायकांनीच रचलेल्या आणि जपलेल्या. क्रिश्यानिस बारोन्स यांनी त्या छापून काढल्या, 1894 ते 1915 या काळात, दोन लाखांहून अधिक. दैना लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवण्यासाठी त्यांनी खणांचं एक लाकडी कपाट करवून घेतलं होतं. ते आजही रीगात आहे. मी तिला आपल्या जात्यावरच्या ओव्यांबद्दल सांगितलं. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या गोळा केल्या, हे ऐकून ती एवढी आनंदली की एक ओवी म्हणूनच दाखव म्हणाली. मी आजीची एक म्हटली. तिने डोळे मिटून ऐकली, पुन्हा म्हणायला लावली.

सभागृहात आता खुर्च्या सरकतात. पतवंडं पुढे येऊन उभी राहतात. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा, त्याचे वडील मेक्सिकोहून आलेल्या घरातले. तो शब्द न चुकता गातो. नव्वदीचे म्हातारे, टेक्सासहून आलेला नातू, सगळे सूर धरतात. ओमितेला जाऊन पाच दिवस झालेत, पण इथे कुणी रडत बसलेलं नाही. तिच्या घरच्यांवर असा अन्याय झाला होता की साऱ्या घराला कायमचा कडवटपणा यावा. तिने तो मुलांच्या वाट्याला येऊ दिला नाही. त्यांच्या वाट्याला आली ती गाणी, भाषा आणि भाजलेला पाव. मला तिच्याइतकी मोठी आई दुसरी दिसलेली नाही.

इथे अमेरिकेत कितीतरी गावांत आपल्या मराठी शाळा भरतात. मुलांना तिथे नेता नेता दमलेल्या आयांना माझी विनंती आहे. आपल्या शहरात लात्व्हियन शनिवारशाळा असेल, तर एकदा तिथे जा. तिथल्या आज्यांशेजारी बसा आणि इतकी वर्षं हे कसं टिकवलंत, ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्या पिढीतल्या आता थोड्याच उरल्या आहेत.