जुनी रेसर सायकल घेताय? आधी विक्रीचा आकडा लिहा

जुन्या सायकली दुरुस्त करून विकायचा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानात एकच प्रश्न येतो, "दादा, घेताना किती द्यायचे?" व्हिडिओत तो भाग मी घाईत उरकला होता, म्हणून इथे नीट लिहितो.

हे सगळं खाली वळलेल्या हँडलच्या रेसरबद्दल आहे. आपलं पुणं एकेकाळी सायकलींचं शहर, त्यामुळे असा माल अजून निघतो. बुधवार पेठेतला एखादा वाडा पाडायला काढला की जिन्याखालून हीरो हॉक निघते, कधी एखादी रॅले, कधी कुणी परदेशातून आणलेली प्यूजो.

नवीन माणूस घेण्याच्या किमतीपासून सुरुवात करतो. "तीन हजारात मिळाली, स्वस्त पडली!" कशावरून स्वस्त? हिशोब उलटा करायचा. समजा, तयार झालेली सायकल ९,००० ला जाईल. टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, केबल, ब्रेक रबर मिळून ३,०००. सहा तासांची मजुरी, तासाला १५० धरून ९००. स्वतः काम करणार असाल तरी मजुरी लावायचीच, इथेच सगळे चुकतात. उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, त्यासाठी ९००. तुमचा नफा १,५००. उरले २,७००. त्याच्या वर जायचं नाही, सायकल कितीही आवडली तरी.

आता ते ९,००० कुठून आले? मोबाईलवरच्या जाहिरातीतून घेऊ नका. जाहिरातीत लिहिलेली ती मागणी असते, विक्री नव्हे. मी पाच-सहा जाहिराती लिहून ठेवतो आणि दोन आठवड्यांनी फोन करतो, "गेली का? कितीला?" बरेच जण सांगतात. न गेलेल्या सायकलींचे आकडेही तितकेच कामाचे.

मग तपासणी. पहिली फ्रेम, कारण बाकी सगळं बदलता येतं. हँडलच्या नळीमागे, खालच्या नळीला हात लावून बघा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर समोरून ठोकर बसलेली आहे. बाजूने उभं राहून चिमटा बघा, मागे गेलेला असेल तर नमस्कार करून निघा. सीटचा दांडा वर-खाली होतो का? वर्षानुवर्षं गंजून बसलेला दांडा काढण्यात माझा एकदा पूर्ण रविवार गेलाय. चाकाचा थोडा आउट असेल तर घाबरू नका, आरे आवळून निघतो. चेनचे २४ सांधे मोजा. नव्या चेनमध्ये ते बरोबर १२ इंच भरतात. एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेनबरोबर फ्रीव्हीलही गेलंय असं समजा.

नावाला भुलू नका. रॅले म्हणजे इंग्लंडचीच असं नाही, सेन-रॅलेचा कारखाना आपल्याकडे आसनसोलला होता. 'रेनॉल्ड्स ५३१' हा बर्मिंगहॅमच्या कंपनीचा १९३५ पासूनचा नामी पोलाद, पण त्याचा स्टिकर नवा छापूनही मिळतो. सीटच्या दांड्याला व्हर्निअर लावा. पूर्ण ५३१ च्या फ्रेममध्ये तो बहुतेक वेळा २७.२ मिलिमीटर भरतो, साध्या जाड नळीत कमी. एवढ्यावर खात्री होत नाही, पण खोटं लवकर पकडता येतं. जुन्या प्यूजोत पायडलच्या एक्सलच्या कपांचे आटे फ्रेंच मापाचे असतात, आपल्याकडचा कप बसत नाही. ते खराब असतील तर भाव बराच खाली आणा. टायरवरचा आकडाही वाचा. २७ इंचीवर ६३०, हल्लीच्या ७०० सीवर ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही.

नजर तयार करायची असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, एकदा जाऊन या.

आता जरा अवघड गोष्ट. सुरुवातीच्या काळात पेठेतल्याच एका वाड्यात काका म्हणाले, "जागा अडलीय, पाचशे द्या आणि न्या." सीटचा दांडा बघूनच मला कळलं होतं काय माल आहे. मी गप्प बसलो, पाचशे ठेवले आणि निघालो. धुऊन, ओव्हरहॉलिंग करून दुकानाबाहेर लावली. तिसऱ्या दिवशी काका मंडईतून येताना थांबले. किमतीची चिठ्ठी वाचली, हँडलवरून हात फिरवला. "कॉलेजला हिच्यावरच जायचो," एवढंच म्हणाले आणि गेले. सायकल विकल्यावर मी दोन हजार घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत. त्या वाड्यातून पुन्हा एकही सायकल माझ्याकडे आली नाही, आणि पेठेत माल तोंडी शब्दावरच येतो. आता वरचा हिशोब मी विकणाऱ्यासमोर कागदावर मांडतो. काही जण भाव वाढवतात, काही सौदे हातचे जातात. जाऊ देत.

सौदा ठरला की विक्री पावती हवीच. विकणाऱ्याचं नाव, सही, ओळखपत्राची प्रत, तारीख, रक्कम आणि फ्रेम नंबर. नंबर बहुतेक वेळा पायडलच्या एक्सलखाली असतो, सायकल उलटी करा आणि माती खरवडा. घासून काढलेला दिसला तर घेऊ नका. चोरीचा माल माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावतीचा नमुना व्हिडिओखाली दिलाय, दोन प्रती काढा. एक त्यांना द्या.