हिरा खाणीतला, हिरा यंत्रातला
मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या खाणीत सापडणारा हिरा घडतो तो पृथ्वीच्या पोटात, सुमारे १५० किलोमीटर खोल, प्रचंड दाब आणि उष्णतेत. ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर तो वर येतो. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांचं वय अब्जावधी वर्षं असतं.

सुरतेत मात्र यंत्रात कार्बनचा हिरा काही आठवड्यांत होतो.

निर्वात कक्षात हिऱ्याची पातळ चकती ठेवून मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने त्यांचा प्लाझ्मा करतात. मिथेनमधला कार्बन सुटतो आणि चकतीवर थरावर थर चढतात. दुसरी रीत दाबाची: १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या ट्रेसी हॉल यांनी अशाच रीतीने हिरे घडवले.

दोन्ही हिरे अस्सलच. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तपासणीत अतिनील प्रकाशाखाली दोघांच्या वाढीच्या खुणा वेगळ्या दिसतात. शिवाय बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू दीर्घ काळात एकत्र आलेले असतात. हे फरक तपासणीशिवाय कळत नाहीत, म्हणून खरेदी करताना प्रमाणपत्र जरूर मागावं.