मेंढीचा ऋतुकाळ आणि तिची प्रजननक्षमता

‘ऋतू’ या शब्दाचे संस्कृतात दोन अर्थ आढळतात : वर्षाचा विभाग हा एक आणि गर्भधारणेस अनुकूल असा काळ हा दुसरा. मेंढीच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मात्र त्यांची सांगड किती घट्ट असावी हे प्रदेशावर अवलंबून असते.

ब्रिटनसारख्या उत्तरेकडील देशांत शरदात दिवस लहान होऊ लागले म्हणजे मेंढी माजावर येते. गर्भधारणा न झाल्यास सुमारे १७ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असल्यामुळे कोकरू जन्मते ते वसंतात, गवत फुटू लागते तेव्हा. याचे प्रमुख कारण थंडी नव्हे, प्रकाश होय. १९४९ मध्ये येट्स यांनी कृत्रिम प्रकाशाच्या साहाय्याने दिनमानाचा क्रम उलटविला, तेव्हा मेंढ्यांचा प्रजननकाळही पालटला. मेंदूतील पीनियल ग्रंथी अंधारात मेलाटोनिन स्रवते. रात्र जितकी दीर्घ, तितका हा स्राव अधिक वेळ चालतो आणि त्यावरून शरीरास ऋतूचा बोध होतो, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले.

एडिंबरो येथे वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत दहा तासांहून अधिक अंतर पडते; फलटण येथे ते जेमतेम दोन तासांचे असते. म्हणूनच दख्खनी मेंढीवर दिनमानाचे बंधन शिथिल असते. येथे पाऊस व चारा यांचेच वर्चस्व अधिक. चारा मिळून अंग भरले की मेंढी माजावर येते. दुष्काळात ती भाकड राहते.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. याउलट सुंदरबनातील लहान चणीची गारोळ मेंढी अनेकदा जुळी देते. या गुणास कारणीभूत असलेला जनुकीय बदल २००१ मध्ये निश्चित झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ व दख्खनी यांच्या संकरातून तो गुण स्थानिक मेंढ्यांत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध केली.

तथापि दोन कोकरे जन्मणे आणि दोन्ही जगणे या भिन्न गोष्टी होत. जुळी कोकरे वजनाने हलकी असतात व आईचे दूध त्यांच्यात वाटले जाते. गाभणपणाच्या अखेरीस व विल्यानंतर मेंढीला पुरेसा खुराक मिळाला नाही, तर अधिक कोकरांचा लाभ धनगराच्या पदरात पडत नाही. जनुक संख्या वाढवू शकते. ती संख्या टिकविणे मात्र चाऱ्याच्याच हाती राहते.