लंडनच्या कडेची गावे – लेखांक ६
स्टॅनमोर : टेकडीने बोलावलेली माणसे

गेल्या आठवड्यात आपण हॅरोच्या शाळेतून बाहेर पडलेल्या नामवंतांची ओळख करून घेतली. ते काम सोपे होते; शाळेच्या पटावर नाव आहे की नाही, एवढेच पाहायचे. शेजारच्या स्टॅनमोरला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. इथे जन्मलेल्यांत आज ठळक नाव फुटबॉलपटू थिओ वॉलकॉटचे. जन्म १९८९चा. २००६ मध्ये, १७ वर्षे ७५ दिवसांचा असताना तो इंग्लंडच्या संघातून खेळला आणि त्या संघाचा सर्वांत लहान वयाचा खेळाडू ठरला. पण त्याचे बालपण गेले बर्कशायरमध्ये. मग स्टॅनमोरची माणसे म्हणायची कोणाला?

हा प्रश्न आपल्या रत्नागिरीलाही पडू शकतो. लोकमान्य टिळक तिथे १८५६ मध्ये जन्मले, पण त्यांची कर्मभूमी पुणे. उलट ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये त्याने तिथेच देह ठेवला. सावरकर १९२४ पासून तिथे स्थानबद्ध होते. त्याच काळात, १९३१ मध्ये, पतितपावन मंदिर उभे राहिले. नुसती जन्मनोंद धरून बसलो तर रत्नागिरीचा अर्धा इतिहास हातचा जातो. म्हणून स्टॅनमोरच्या बाबतीतही ‘कोण जन्मले’ यापेक्षा ‘कोण आले आणि का आले’ हे विचारायला हवे.

त्याचे उत्तर बरेचसे भूगोलात आहे. हे गाव लंडनच्या मध्यापासून साधारण दहा मैलांवर, वायव्येला, उंच टेकडीच्या उतारावर वसलेले आहे. इथून राजधानी गाठणे अवघड नव्हते आणि तिच्या धुराचा त्रासही नव्हता. पैसेवाल्यांना वाडे बांधायला, आजाऱ्यांना बरे व्हायला आणि पुढे लष्करालाही अशीच जागा हवी होती.

असा एक मोठा वाडा खाली, लिटल स्टॅनमोरमध्ये झाला. सैन्याच्या पगारवाटपाच्या पदावर असताना गबर झालेल्या जेम्स ब्रिजेसने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ चँडोसने, ‘कॅनन्स’ नावाचा प्रासाद उभारला. १७१७-१८ मध्ये संगीतकार हँडेल त्याच्या आश्रयाला होता. ‘चँडोस अँथम्स’ ही त्याची स्तोत्ररचना तिथलीच. ड्यूक १७४४ मध्ये वारला, कर्जे उरली, आणि तीनच वर्षांत प्रासाद मोडून सामान विकले गेले. शेजारचे सेंट लॉरेन्स चर्च मात्र टिकले. हँडेलच्या काळातला ऑर्गन तिथेच होता.

त्या चर्चच्या आवारात विल्यम पॉवेल याचे थडगे आहे. हँडेलच्या ‘हार्मोनियस ब्लॅकस्मिथ’ या प्रसिद्ध रचनेमागचा लोहार तो हाच, असे त्यावरचा लेख सांगतो. पावसात हँडेल त्याच्या भात्याशी थांबला आणि घणाच्या ठोक्यांवर त्याला ती धून सुचली, अशी आख्यायिका आहे. पण शिळेवरचे आकडेच तिच्या आड येतात. पॉवेल १७८० मध्ये ७८ वर्षांचा होऊन वारला, म्हणजे हँडेल इथे असताना तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता. तो लोहार नव्हताच, चर्चचा कारकून होता. हँडेलची रचना छापली गेली १७२० मध्ये. तिला लोहाराचे नाव चिकटले एकोणिसाव्या शतकात, आणि ही शिळाही त्याच शतकातली. गावाला थोर माणसाशी नाते सांगायची हौस असते. ती समजून घ्यावी, पण सन-सनावळ्या ताडून पाहाव्यात.

टेकडीवरच्या ‘बेंटली प्रायरी’त विल्यम चौथ्याची विधवा राणी ॲडिलेड अखेरच्या दिवसांत राहायला आली. १८४९ मध्ये तिने गावच्या नव्या सेंट जॉन चर्चची कोनशिला बसवली आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला याच वाड्यात तिचे निधन झाले. क्रिमियन युद्धाच्या वेळचे पंतप्रधान लॉर्ड ॲबरडीन यांचे दफन गावातलेच. ‘मिकाडो’ लिहिणारे डब्ल्यू. एस. गिल्बर्ट जवळच्या ‘ग्रिम्स डाइक’मध्ये राहत. २९ मे १९११ रोजी तळ्यात पोहताना एक मुलगी घाबरून ओरडली, तिला वाचवायला ते पाण्यात शिरले आणि हृदयक्रिया बंद पडून गेले. त्यांच्या अस्थी सेंट जॉनच्या आवारात आहेत. ‘रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल’ १९२२ मध्ये इथे आले तेही मोकळ्या हवेच्या ओढीने.

पण स्टॅनमोरचे खरे मोठेपण १९३६ नंतरचे आहे. त्या वर्षी बेंटली प्रायरी ब्रिटिश हवाईदलाच्या फायटर कमांडचे मुख्यालय झाली. प्रमुख होते ह्यू डाउडिंग. १९४० मध्ये जर्मन विमानांचा लोंढा आला, तेव्हा विमाने आणि वैमानिक दोन्ही मोजकी होती. सतत आभाळात गस्त घालत ठेवणे परवडणारे नव्हते. शत्रू नक्की कुठे आहे हे कळल्यावरच उड्डाण करायचे, ही डाउडिंग यांची पद्धत.

हे कळायचे कसे? किनाऱ्यावरची रडार केंद्रे बेंटली प्रायरीच्या ‘फिल्टर रूम’ला फोन करत. एकाच विमानताफ्याची जागा दोन केंद्रे वेगवेगळी सांगत. मोठ्या टेबलावरच्या नकाशावर त्या खुणा मांडायच्या, ताडायच्या, आणि त्यांतून एकच खरा मार्ग काढून पुढे कळवायचा. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे असत. काटा ज्या पट्ट्यात, त्याच रंगाची खूण टेबलावर ठेवायची. त्यामुळे कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी, हे एका नजरेत समजे. हवाईदलाच्या महिला शाखेतल्या कितीतरी तरुणी हे काम पाळ्या लावून करत. एक खूण चुकली की वैमानिक भलत्या दिशेला जाणार, ही जाणीव ठेवून.

स्टॅनमोरमध्ये आणखी एक गुप्त ठाणे होते. ट्युरिंग आणि वेल्शमन या गणितज्ञांनी आखलेली, जर्मन ‘एनिग्मा’ संकेत फोडायला मदत करणारी ‘बॉम्ब’ यंत्रे ब्लेचली पार्क या संकेतभेदाच्या मुख्य केंद्राप्रमाणे इथेही चालत. ती चालवणाऱ्याही बहुतेक मुली, नौदलाच्या महिला शाखेतल्या. सत्तरच्या दशकात हे गुपित उघड होईपर्यंत त्यांतल्या अनेकींनी घरच्यांनाही काही सांगितले नाही. डाउडिंग यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. या मुलींची नावे मात्र फार थोड्यांना माहीत आहेत. माझ्या मते स्टॅनमोरच्या नामवंतांत पहिला मान त्यांचा.

आणखी एका रहिवाशाचा आपल्याशी थेट संबंध आहे: क्लेमंट ॲटली. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा त्यात ते होते. ‘सायमन, परत जा’च्या घोषणा त्यांनी ऐकल्या. १९३१ मध्ये ते सहकुटुंब स्टॅनमोरला राहायला आले. मजूर पक्षाचे नेते झाले ते १९३५ मध्ये, इथे राहत असतानाच. पुढे पंतप्रधान म्हणून २० फेब्रुवारी १९४७ रोजी भारत सोडण्याची मुदत जाहीर केली ती त्यांनीच.

१९३२ मध्ये स्टॅनमोरला मेट्रोपॉलिटन रेल्वेचा फाटा आला आणि वाड्यांच्या गावात साध्या नोकरदारांची घरे उठली. आज स्टॅनमोर हे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जुबिली लाइनचे उत्तरेकडचे शेवटचे स्थानक आहे. याच मार्गावर डॉलिस हिलला उतरले की लंडनचे महाराष्ट्र मंडळ गाठता येते. त्याची स्थापनाही १९३२चीच. स्टॅनमोरमध्ये आज सिनेगॉग, स्वामीनारायण मंदिर आणि खोजा समाजाचे इस्लामी केंद्र आहे. ‘इथे कोण येते आणि का’ या प्रश्नाचे उत्तर अजून पुरे झालेले नाही.

वाचकांनी आपल्या गावाचीही अशी यादी करून पाहावी. जन्मलेल्यांचा रकाना वेगळा, कामासाठी आलेल्यांचा वेगळा. आणि तिसरा, ज्यांनी काम केले पण नाव मागे ठेवले नाही त्यांचा. तिसऱ्या रकान्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारायला हवे, कारण ती माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

(पुढील लेखांक : वेम्ब्ली)