गॅरेजात आई-बाबांची खोली

न्यूझीलंडमध्ये गॅरेजात गाडी सोडून सगळं असतं. भारतातून आणलेल्या बॅगा, गणपतीचं मखर, मुलांच्या जुन्या सायकली, तांदळाच्या गोण्या. गाडी बिचारी बाहेर पावसात. पण २०२५ च्या सप्टेंबरात पेरेंट बूस्ट व्हिसा सुरू झाला, आई-वडिलांना पाच वर्षांपर्यंतचा व्हिसा मिळू लागला, आणि आमच्या ओळखीच्या मराठी घरांत या गॅरेजकडे नव्या नजरेनं बघणं सुरू झालं. थोडं पुढे वाढवू, आत एक खोली आणि बाथरूम काढू. आमच्याकडेही सध्या चहाबरोबर हाच विषय असतो.

बाबांचा फोनवरचा पहिला प्रश्न, ''स्लॅब कधी पडणार?'' त्यांना सांगावं लागलं, की इथे स्लॅब म्हणजे छत नव्हे, पायाखालची जमीन. भिंती लाकडी सांगाड्याच्या. आणि खरी मेख त्या जमिनीतच असते. गॅरेज राहण्यासाठी बांधलेलं नसतं. बऱ्याच जुन्या गॅरेजांत जमिनीतून ओल येते, दाराकडे उतार असतो, भिंतीत इन्सुलेशन नसतं. जुलैच्या थंडीत सत्तरीच्या माणसाला तिथे कसं झोपवणार?

मित्रमंडळींत कुणीतरी सांगतंच, ''तीस चौरस मीटरपर्यंत कन्सेंट लागत नाही रे!'' हे अर्धं खरं. २०२० सालची ती सवलत घरापासून सुट्या, एकमजली बांधकामाला आहे, तीही अटींसह. त्यात बाथरूम बसत नाही. यंदा जानेवारीपासून ७० चौरस मीटरपर्यंतच्या ग्रॅनी फ्लॅटला सूट मिळाली, तीही स्वतंत्र, नव्या घराला. घराला चिकटलेलं गॅरेज वाढवून तिथे कुणी राहणार असेल, तर कौन्सिलचं बिल्डिंग कन्सेंट हवंच. नाहीतर विम्याच्या वेळी आणि घर विकताना ते निस्तरावं लागतं.

हा जाच उगाच नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बांधलेल्या इथल्या हजारो घरांत पाणी मुरून लाकूड कुजलं. त्या 'लीकी होम्स'च्या अनुभवातूनच २००४ चा बिल्डिंग अ‍ॅक्ट आला. घराचा सांगाडा आणि पाणी अडवणारं बाहेरचं आवरण ही कामं २०१२ पासून परवानाधारक बिल्डरनं, म्हणजे एलबीपीनं, स्वतः करावी किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावीत, असा नियम आहे. त्याचं नाव सरकारी नोंदवहीत ऑनलाइन सापडतं. परवाना कशाचा आहे तेही बघा. सुतारकामाचा वेगळा, छताचा वेगळा.

''आपलाच माणूस आहे, कागद कशाला?'' हे वाक्य मला सगळ्यात महाग वाटतं. ओळखीच्या माणसाशी पैशांवरून भांडताही येत नाही! जीएसटी धरून ३० हजार डॉलर किंवा जास्तीचं काम असेल तर लेखी करार कायद्यानंच बंधनकारक आहे. आकडा सांगितला की तो 'कोट' आहे की 'एस्टिमेट', हे विचारून घ्या. एस्टिमेट म्हणजे नुसता अंदाज, तो वाढू शकतो. आणि आकड्यापुढे बारीक अक्षरात 'प्लस जीएसटी' असेल, तर १५ टक्के आणखी.

काम सुरू झाल्यावर बिल्डरकडून 'पेमेंट क्लेम' येतो. रक्कम पटली नाही तर गप्प बसू नका. करारातल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर २० कामकाजाच्या दिवसांत, लेखी उत्तर दिलं नाही तर पूर्ण रक्कम देणं लागतं. शेवटचा हप्ता कधी द्यायचा हेही करारातच लिहून घ्या. आम्ही तो कौन्सिलच्या कोड कंप्लायन्स सर्टिफिकेटशी बांधून घेणार आहोत. काम संपल्यावर वर्षभरात कळवलेला दोष बिल्डरला दुरुस्त करून द्यावा लागतो.

राहिलं वेळेचं गणित. कन्सेंटचा निर्णय २० कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, पण कौन्सिलनं काही विचारलं की घड्याळ थांबतं. २० डिसेंबर ते १० जानेवारी हे दिवस तर मोजतच नाहीत, आणि तेव्हा बिल्डरही समुद्रकिनारी असतात. म्हणून नकाशे ऑगस्टमध्येच करून घेतोय, आणि आई-बाबांची तिकिटं सर्टिफिकेट हातात आल्यावरच काढू.