मुळाच्या गाठीतलं दामदुप्पट

मृग बरसला की लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पेरायची एकच घाई उडते. त्या घाईत बीजप्रक्रिया कशीतरी उरकली जाते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक आणि मग बियाणं सावलीत वाळवायचं, हा क्रम माहीत सगळ्यांना असतो. तरी कुठे सगळं एकाच घमेल्यात कालवलं जातं, कुठे बियाणं ताडपत्रीवर उन्हात पसरलं जातं. संवर्धकाच्या पाकिटातले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू पेरणीआधीच मरू लागतात. मेले तर मेले, उरलेले वाढतीलच की!

वाढतील, पण कधी?

जिवाणू वाढतो तो दुभंगून. पेशी लांबते, डीएनएची दुसरी प्रत तयार होते, मग मध्यावर एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं जमतं. त्या कड्याच्या जागी नवी भिंत आतल्या बाजूला वाढत जाते आणि एकाचे दोन होतात. कडं जमलंच नाही तर ई. कोलायसारखा जिवाणू दोऱ्यासारखा नुसताच लांबत राहतो.

सगळं अनुकूल असेल तर ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दहा लाख व्हायला वीस दुपटी पुरतात, म्हणजे सात तासही लागत नाहीत. ब्रॅडीरायझोबियमला एका दुपटीला सहा-आठ तास हवेत. त्याच वीस दुपटींना पाच ते सात दिवस. हे सावकाराचं नव्हे, गरिबाचं दामदुप्पट. मातीतले इतर चपळ जिवाणू तेवढ्यात जागा बळकावतात. म्हणून सुरुवातीचं भांडवलच मोठं लागतं, आणि ते पाकिटातून येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी संवर्धकं तयार होतात.

सोयाबीनच्या मुळाच्या केसातून आत शिरलेली या जिवाणूची बहुधा एखादीच पेशी मुळावरच्या अख्ख्या गाठीचा मूळपुरुष ठरते. गाठ भरली की आतल्या पेशी दुभंगणं थांबवून हवेतला नत्र बांधू लागतात. अशी गाठ कापली तर आतून गुलाबी दिसते. लसूणघासाच्या गाठीतले जिवाणू फुगतात, डीएनएच्या प्रतींवर प्रती काढतात, पण पुन्हा कधीच दुभंगत नाहीत. सोयाबीनमधल्यांची ती क्षमता शाबूत राहते. गाठ कुजली की त्यातले काही मातीत परततात.

रब्बीत त्याच रानात हरभरा पेरला तर मात्र त्यांचा उपयोग नाही. हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो. पाकीट वेगळं घ्यायचं.